उंचीचा हिशेब आणि घरातले गाणे



ज्या अभियंत्याच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या कुटुंबीयांनी मला विषय निवडण्याची पूर्ण मुभा दिली. मात्र दिवंगताचे गुणगान हाच व्याख्यानाचा विषय करू नये, एवढी एक अट विनयपूर्वक घातली. ती मी आनंदाने मान्य केली. कारण ज्या गृहस्थाने हयातभर बांधकाम खात्याची चाकरी सचोटीने केली, संध्याकाळी पेटीवर बसून मुलानातवंडांकडून गाणी बसवून घेतली आणि स्वतःविषयी कोणी चार शब्द बोलू लागताच विषय बदलला, त्याचे स्मरण त्याच्याच वळणाच्या एखाद्या थोर समानधर्म्याचे चरित्र सांगून करणे अधिक औचित्याचे होय. असा समानधर्मा शोधू लागल्यावर जे नाव माझ्यासमोर पुनःपुन्हा उभे राहिले, ते ढाक्याच्या फजलुर रहमान खान यांचे.

हे नाव आपल्याकडे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसे पोचलेले नाही, याची मला मनःपूर्वक खंत वाटते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर ज्या गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या, त्यांतील फार मोठ्या हिश्श्याच्या मुळाशी या एका बंगाली माणसाने मांडलेला विचार आहे. आणि हा माणूस शिकागोच्या एका बड्या कचेरीत बसून शंभर-शंभर मजल्यांच्या सांगाड्यांचे गणित मांडीत असता, घरी मित्रमंडळी जमली म्हणजे रवींद्रनाथांची गीते मूळ बंगालीत तन्मयतेने गात असे. चरित्रकार सामान्यतः अशा गोष्टी शेवटच्या प्रकरणात, ‘छंद आणि आवडी’ अशा मथळ्याखाली, उरकून टाकतात. खानांच्या बाबतीत ती वाटणी मला मुळीच पटत नाही, आणि ती का पटत नाही हेच आज तपशिलाने सांगण्याचा विचार आहे.

फजलुर खान यांचा जन्म 3 एप्रिल 1929 रोजी ढाक्यात झाला. वडील अब्दुर रहमान खान हे गणिताचे अध्यापक. पुढे बंगालच्या शिक्षणखात्यात ते मोठ्या हुद्द्यावर चढले, सरकारने त्यांना खानबहादूर हा किताब दिला, आणि नंतर ढाक्याच्या जगन्नाथ कॉलेजचे प्राचार्यपदही त्यांनी सांभाळले. आर्मानीटोला येथील सरकारी शाळेतून बाहेर पडल्यावर फजलुर यांनी कलकत्त्याजवळच्या शिबपूर येथे स्थापत्य अभियांत्रिकीचा अभ्यास आरंभिला. परंतु बंगालमधील फाळणीच्या त्या दुर्दैवी वर्षांत कोणत्याच विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम सरळ रेषेत पुरा होणे कठीण होते, आणि त्यांची पदवी अखेर ढाक्याच्या अहसानउल्ला अभियांत्रिकी महाविद्यालयातून, 1950 साली, हाती आली. 1952 साली शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले, आणि अवघ्या तीन वर्षांत दोन पदव्युत्तर पदव्या व डॉक्टरेट अशी तिहेरी कमाई करून 1955 साली शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या प्रख्यात वास्तुशिल्प संस्थेत रुजू झाले. मध्यंतरी मायदेशी परतून ते कराचीस नोकरीत राहिले. पण संरचनेच्या आराखड्याचे जे काम त्यांना हवे होते ते तेथे त्यांच्या वाट्याला आले नाही, आणि 1960 साली ते पुन्हा शिकागोस जुन्या कचेरीत दाखल झाले. या परतीला काही जण देशत्याग म्हणतील. पुढे 1971 साली जे घडले ते ऐकल्यावाचून तो निवाडा कोणी देऊ नये, अशी माझी विनंती आहे.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे वळू. येथे थोडे गणित आवश्यक आहे, पण ते कोणालाही समजेल असे आहे. इमारतीचे स्वतःचे वजन आणि तिच्यात राहणाऱ्यांचे वजन हे मजल्यांच्या प्रमाणात वाढत जाते. दहा मजल्यांचे वीस झाले की पायावरचा भार सुमारे दुप्पट होतो, आणि हा जमाखर्च पूर्वीच्या अभियंत्यांना चांगला अवगत होता. वाऱ्याचा मामला निराळा आहे. वारा सर्वत्र सारखाच आहे असे धरले तरी उंची दुप्पट करताच इमारतीला बुंध्याशी उलथवू पाहणारा जोर चौपट होतो, आणि सांगाडा तेवढाच ताठ ठेवला तर माथ्याचे झुकणे सोळापट होते. म्हणून जुन्या पद्धतीने, आतल्या बाजूस खांब आणि तुळयांचे चौकटीमागून चौकट असे जाळे उभारून, उंच जाऊ पाहणाऱ्याला केवळ वाऱ्यासाठी म्हणून इतके अवाढव्य पोलाद ओतावे लागे की एका मर्यादेपुढे धनकोच हात आखडता घेई. खानांनी या अधिक खर्चाला उंचीसाठी भरावा लागणारा अधिभार मानले, आणि हा अधिभार निसर्गाने बसवला आहे की आपल्याच सांगाड्याच्या सदोष रचनेने, असा मूलगामी प्रश्न विचारला.

त्यांचे उत्तर असे होते की, वाऱ्याशी झुंजणारे खांब आत ठेवू नयेत. ते बाहेरच्या परिघावर आणावेत, एकमेकांपासून अवघ्या काही फुटांवर उभे करावेत, आणि प्रत्येक मजल्याशी भरभक्कम तुळयांनी असे जखडावेत की चारही भिंती मिळून एकच पोकळ नळी व्हावी आणि जमिनीत रोवलेली ती नळी सबंध अंगाने वाऱ्याला सामोरी जावी. बंगालच्या खेड्यापाड्यांत ज्याने कळकाचे बन वादळात पाहिले आहे त्याला हे तत्त्व निराळे समजावून सांगावे लागणार नाही. कळकाचे सारे बळ त्याच्या कडेच्या सालीत असते आणि आतली पोकळी ही त्याची उणीव नसून काटकसर असते. शिकागोतील डेविट-चेस्टनट नावाची त्रेचाळीस मजल्यांची निवासी इमारत ही या विचाराची पहिली सिद्धी, आणि ती 1960 ते 1970 या दशकाच्या मध्यावर पुरी झाली.

यानंतरची जॉन हँकॉक सेंटर ही इमारत मला त्यांच्या सर्व कृतींत श्रेष्ठ वाटते. शंभर मजले, 344 मीटर उंची, पायथ्याशी रुंद आणि माथ्याकडे निमुळती होत गेलेली काळी आकृती, आणि तिच्या चारही अंगांवर उघड्यावर दिसणारे पोलादाचे प्रचंड तिरके आधार, एकमेकांना छेदून जाणारे. वास्तुशिल्पी होते ब्रूस ग्रॅहम, कोलंबियात जन्मलेले. आणि या दोघांची जोडी अशी जमली होती की कोणती रेषा कोणाची हे सांगणे अवघड जावे. मूळ आराखड्यात कचेऱ्यांसाठी एक आणि घरांसाठी दुसरी अशा दोन इमारती होत्या. त्या एकावर एक चढवून एकच करावी असे ठरले, आणि खाली बाजार व कचेऱ्या, चव्वेचाळिसाव्या मजल्यापासून वर नागरिकांची बिऱ्हाडे, असे एक उभे गावच 1969 साली शिकागोच्या सरोवरकाठी उभे राहिले. त्या तिरक्या आधारांमुळे वाऱ्याचा जोर बाहेरच्या सर्व खांबांत वाटला जातो. परिणाम आकड्यांत पाहावा. 1931 सालच्या एम्पायर स्टेट इमारतीत दर चौरस मीटर क्षेत्रामागे सुमारे 206 किलो पोलाद लागले होते. 1961 साली न्यूयॉर्कातच पुऱ्या झालेल्या, उंचीने बऱ्याच कमी असलेल्या चेस मॅनहॅटन इमारतीत ते 275 किलो लागले. आणि शंभर मजल्यांच्या हँकॉकमध्ये अवघे 145. एका पिढीच्या अवकाशात एवढी काटकसर साधणाऱ्या माणसाला केवळ यशस्वी व्यावसायिक म्हणून मोकळे होणे हा अन्याय होईल. पोलाद खाणीतून निघते, भट्टीत वितळते, माणसांच्या घामाने जागेवर चढते. ते विनाकारण खर्ची घालू नये, या आग्रहात मला एक नैतिक बाणा दिसतो.

पण इमारत कोसळणार नाही एवढे सिद्ध केल्याने खानांचे समाधान होत नसे. नव्वदाव्या मजल्यावर वादळाच्या रात्री निजलेल्या माणसाला काय वाटेल, हा प्रश्न त्यांना छळत होता. कारण सांगाडा पूर्ण सुरक्षित असूनही तो जरासा हेलावला की माणसाच्या पोटात कालवते, आणि किती हेलावला म्हणजे कालवते याची खात्रीलायक नोंद त्या काळच्या ग्रंथांत मिळत नव्हती. शिकागोच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात एक फिरता तक्ता प्रदर्शनासाठी मांडलेला होता. त्या तक्त्याचा उपयोग करून, माणसांना त्यावर उभे करून, बसवून, निजवून, ही हालचाल त्यांना कधी जाणवू लागते याचे प्रयोग खानांनी केले. विद्वत्ता आणि सहृदयता यांचा असा संगम मला फार मोलाचा वाटतो. ते म्हणत की, विचार करताना मी स्वतःला सबंध इमारतीच्या जागी ठेवतो, तिच्या प्रत्येक अवयवातील ताण आणि पीळ मनात अनुभवतो. ज्याला भार सोसावा लागतो त्याच्या ठिकाणी स्वतःला नेऊन ठेवण्याची ही सवय हीच माझ्या मते त्यांच्या सर्व आयुष्याची किल्ली आहे. ती खांबाला लागू होती, निजलेल्या भाडेकऱ्याला लागू होती, आणि पुढे सांगणार आहे त्याप्रमाणे, देशोधडीला लागलेल्या माणसालाही लागू होती.

शिकागोतल्याच सिअर्स टॉवरविषयी (हे त्याचे 2009 पर्यंतचे नाव) थोडक्यात सांगतो, कारण त्याची ख्याती त्याच्या उंचीनेच पुरेशी केली आहे. एका नळीऐवजी नऊ चौरस नळ्या एकमेकींना चिकटवून उभ्या केल्या. नऊही पन्नासाव्या मजल्यापर्यंत एकत्र जातात, तेथे दोन थांबतात, सहासष्टाव्याशी आणखी दोन, नव्वदाव्याशी तीन, आणि उरलेल्या दोघी माथ्यापर्यंत पोचतात. ही कल्पना जुळत असता ग्रॅहम यांनी मूठभर सिगारेटी हातात धरून त्या कमीजास्त सरकवून दाखवल्या, अशी कथा त्या व्यवसायात सांगितली जाते. 1974 साली 110 मजल्यांची, 442 मीटर उंचीची ही इमारत पुरी झाली, आणि क्वालालंपूरचे जुळे मनोरे उभे राहीपर्यंत, म्हणजे 1998 पर्यंत, जगातील सर्वांत उंच इमारत हा मान तिच्याकडे राहिला.

आता गाण्याकडे येतो. वास्तू म्हणजे गोठलेले संगीत, असे एक सुभाषित युरोपात सुमारे दोनशे वर्षे फिरते आहे, आणि अभियंता गाणारा असला की वक्ते ते हमखास बाहेर काढतात. मला त्याचा मोह नाही. रवींद्रगीताचा आणि पोलादी नळीचा आकार एकच आहे असे म्हणणे म्हणजे दोहोंपैकी एकाचाही अभ्यास न करणे होय. खानांच्या कंठातील गीतांचा अर्थ समजायचा तर त्यांच्या जन्मभूमीत त्या वर्षांत काय चालले होते ते पाहावे लागते.

रवींद्रनाथांनी दोन हजारांहून अधिक गीते रचली आणि बहुतेकांच्या चालीही स्वतःच बांधल्या. शास्त्रोक्त रागांपासून बाऊल आणि भटियाली या लोकधाटीपर्यंत सर्व काही त्यांत सामावले, आणि बंगाली माणसाच्या घरात लग्नकार्य असो, पावसाची पहिली सर असो की मर्तिक असो, त्या त्या प्रसंगाचे एखादे गीत कोणाच्या तरी ओठी येतेच. फाळणीनंतर पूर्व बंगाल पाकिस्तानात गेला आणि हीच गीते तेथील राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत सलू लागली. 1961 साली रवींद्रनाथांची जन्मशताब्दी ढाक्यातील रसिकांनी सरकारी नाराजी पत्करून साजरी केली, आणि त्याच उत्साहातून ‘छायानट’ ही संस्था जन्मास आली. 1967 साली सरकारने नभोवाणीवरून रवींद्रगीतांच्या प्रक्षेपणावर निर्बंध आणले, तेव्हा ढाक्यातील विद्वान आणि कलावंत त्याविरुद्ध जाहीरपणे उभे राहिले. मराठी माणसाने क्षणभर कल्पना करावी की तुकोबांचे अभंग आकाशवाणीवरून उठवण्याचे फर्मान निघाले आहे. मग त्या काळात एखाद्या ढाकेकराने सातासमुद्रापलीकडे, स्वतःच्या दिवाणखान्यात, हीच गीते गाणे म्हणजे काय होते हे ध्यानी येईल. जो माणूस आपल्या मुलखातून निघून आला होता तो आपला मुलूख आवाजात सांभाळून होता. श्रमपरिहाराचे सुख त्यात असेलच, पण निष्ठा त्याहून अधिक होती, असे मी मानतो.

या निष्ठेची कसोटी 1971 साली लागली. 25 मार्चच्या रात्री ढाक्यावर लष्कर तुटून पडले. विद्यापीठाच्या वसतिगृहांत रक्त सांडले. पुढील महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित सरहद्द ओलांडून आपल्या देशात आले, आणि त्यांच्या छावण्यांची दैना आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. शिकागोत या वेळी सिअर्स टॉवरचे काम ऐन भरात होते. जगातील सर्वोच्च इमारतीच्या संरचनेची जोखीम ज्याच्या शिरावर, त्याला दुसऱ्या कशासाठी सवड नाही असे कोणीही समजून घेतले असते. खानांनी ‘बांगलादेश इमर्जन्सी वेल्फेअर अपील’ ही संस्था शिकागोत उभी केली, मदतनिधी जमवला, आणि अमेरिकेचे सरकार पाकिस्तानच्या पाठीशी असता त्याच अमेरिकेत लोकमत जागे करण्यासाठी खपले. चार वर्षांपूर्वीच ते अमेरिकेचे नागरिक झाले होते, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी. डिसेंबरात बांगलादेश स्वतंत्र झाला, आणि त्याने राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले ते रवींद्रनाथांचे ‘आमार शोनार बांगला’, 1905 सालच्या वंगभंगाच्या चळवळीत रचलेले. ज्या गीतांना नभोवाणीवर मज्जाव होता त्यांतील एक आता राष्ट्राचे झाले. त्या वार्तेने खानांच्या घरात केवढा आनंद झाला असेल, याचे वर्णन करण्याचे धाडस मी करीत नाही.

त्या घराविषयी बोलायला हवे, कारण थोरांच्या चरित्रात घराला बहुधा आभारप्रदर्शनापुरतीच जागा मिळते. पत्नी लिसेलोट मूळच्या ऑस्ट्रियाच्या. कन्या यास्मिन यांचा जन्म 1960 सालचा. अशा घरात दोन खंडांच्या भाषा आणि रीती एका छताखाली नांदत असणार. कचेरीतून रात्री उशिरा परतणारा, विमानाने देशोदेशी फिरणारा, शिवाय शिकागोतील इलिनॉय तंत्रशास्त्र संस्थेत विद्यार्थ्यांना शिकवणारा बाप मुलीला किती लाभला असेल, अशी शंका मनात येते. तिचे उत्तर मुलीने स्वतःच्या आयुष्याने दिले आहे. यास्मिन खान याही संरचना अभियंता झाल्या, आणि वडिलांच्या कार्यावर त्यांनी सविस्तर ग्रंथ लिहिला; तो 2004 साली प्रसिद्ध झाला. वडिलांच्या व्यवसायात शिरणारी अपत्ये पुष्कळ असतात. परंतु वडिलांचे प्रत्येक गणित पुन्हा मांडून, त्यामागचा विचार आणि माणूस यांची सांगड घालून वाचकापुढे ठेवण्यासाठी जी ओढ लागते, ती केवळ दबदब्यातून उत्पन्न होत नाही. ज्या बापाने आपल्या कामाचा आनंद जेवणाच्या टेबलापर्यंत आणला असेल, त्याचीच मुलगी असे पुस्तक लिहू शकते.

खानांच्या अखेरच्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे जेद्दा येथील विमानतळावरील हाजी यात्रेकरूंची इमारत. तिला इमारत म्हणावे की छावणी, असा प्रश्न पडतो. हजच्या दिवसांत लाखो माणसे जेद्दाला उतरतात. त्यांतील कित्येक वृद्ध, कित्येक आयुष्यात प्रथमच विमानात बसलेली, आणि पुढच्या प्रवासाची व्यवस्था होईपर्यंत त्यांना वाळवंटातील उन्हात तासन्‌तास तिष्ठावे लागे. एवढ्या मोठ्या जागेवर भिंती घालून थंड हवेची यंत्रे बसवणे उधळपट्टीचे झाले असते, आणि ती जागा वर्षातील बराच काळ रिकामीच राहणार होती. खान आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी गॉर्डन बनशॅफ्ट यांनी पोलादी खांबांवरून ताणलेल्या, काचतंतूंच्या टिकाऊ कापडाच्या 210 राहुट्या योजल्या, प्रत्येकी सुमारे पंचेचाळीस मीटर चौरस. बाजू मोकळ्या, वर निमुळते होत गेलेले छत, त्याच्या माथ्याशी उष्ण हवा निघून जाण्यास वाट. ज्याने शंभर मजले उभे केले त्याने येथे एकही मजला चढवला नाही, कारण जमिनीवर पथारी टाकून बसणाऱ्या यात्रेकरूला सावली आणि वारा हवा होता, आणि तेवढेच त्याने दिले. 1981 साली हा विमानतळ खुला झाला. 1983 साली या रचनेला आगाखान पारितोषिक मिळाले.

ते पारितोषिक पाहण्यास खान उरले नव्हते. 27 मार्च 1982 रोजी जेद्दा येथेच हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले. वय त्रेपन्नाला काही दिवस कमी. पार्थिव शिकागोस आणून ग्रेसलँड स्मशानभूमीत दफन करण्यात आले, जेथे लुई सलिव्हन आणि मीस व्हान डेर रोह हे शिकागोच्या वास्तुकलेचे दोन महापुरुषही विसावले आहेत. शिकागो नगरीने सिअर्स टॉवरलगतच्या एका चौकाला त्यांचे नाव दिले. बांगलादेशाने 1999 साली त्यांना मरणोत्तर स्वाधीनता पुरस्कार दिला आणि त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

सिअर्स टॉवरच्या दर्शनी दालनात अभियंत्यांच्या संघटनेने त्यांचे एक शिल्प बसवले, आणि त्यावर त्यांचेच एक वचन कोरले. त्याचा आशय असा की, तंत्र जाणणाऱ्याने स्वतःच्या तंत्रात हरवून जाऊ नये. त्याला जीवनाचा आस्वाद घेता आला पाहिजे, आणि जीवन म्हणजे कला, नाट्य, संगीत, व या सर्वांहून महत्त्वाची, माणसे. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत खानांच्या नळीचे गणित आले आहे आणि ते उत्तम शिकवलेही जात असेल. पण ते गणित ज्याने मांडले तो कसा जगत होता, कशासाठी पदरमोड करीत होता, काय गात होता, हे विद्यार्थ्याला कळण्याची सोय आमच्या भाषेत अद्याप मला दिसत नाही. म्हणून या व्यासपीठावरून, ज्यांच्या स्मृतीला ही माला वाहिलेली आहे त्यांच्या कुटुंबीयांना आणि संयोजकांना माझी एक जाहीर विनंती आहे. यास्मिन खान यांचा तो ग्रंथ रीतसर परवानगी मिळवून मराठीत आणावा. आकृत्या आणि गणिते गाळू नयेत, भाषांतर संरचनाशास्त्र जाणणाऱ्या आणि बंगालीची गोडी असलेल्या व्यक्तीकडे सोपवावे, आणि व्याख्यानमालेच्या निधीतून त्याची पहिली आवृत्ती काढावी. त्या कामी लागेल तेवढा वेळ देण्यास मी तयार आहे, आणि आजच्या व्याख्यानाचे मानधन त्याच खाती जमा करावे, अशी सूचना मी चिटणिसांकडे लेखी दिली आहे.